पाहुण्यांखालचं शून्य

मी शून्याची पाटी बोलतेय. आवाज जरा दबका येईल, कारण मी पिशवीत आहे, पिशवी खाटेखाली आहे आणि आज शनिवार असल्यामुळे सकाळपासून माझ्या पोटात गोळा आलाय. शून्याला पोटाशिवाय दुसरं असतं तरी काय, असं म्हणाल. म्हणा बापडे. पण जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी जन्मभर खिळ्याला टांगलेलीच होते.

माझा जन्म एका पेंटरच्या अंगणात झाला. गावच्या फुटबॉल क्लबाला गोलफलक हवा होता आणि पेंटर त्याच क्लबाचा वेडा, म्हणून त्याने फुकटात करून द्यायचं कबूल केलं. पत्रा विकत आणायचा नाही म्हणून त्याने दातांच्या डॉक्टरची जुनी पाटी कापली. त्यातून आम्ही दोघी बहिणी निघालो, दोन शून्यं. थोरली गोल गरगरीत आली. माझ्या वेळी कात्री घसरली आणि मी जराशी लांबट झाले. माझ्या पाठीवर अजून अर्धा दात आहे. वाऱ्याने मी उलटी झाले की लोक दात बघून हसायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

फळीवर एका बाजूला ‘यजमान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पाहुणे’ लिहायचं, असं क्लबाच्या सेक्रेटरीने सांगितलं होतं. पेंटरने खडूने आखलंही. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली आणि फळी वाचून तिथेच हसत सुटली.

“अहो, ‘यजमान शून्य’ लिहिणार तुम्ही? भर मैदानात? गावातल्या सगळ्या बायका म्हणतील, आम्हाला हे आधीच माहीत होतं!”

पेंटर ओशाळला. त्याने ‘यजमान’ पुसलं आणि थोडा विचार करून ‘आपण’ लिहिलं. सेक्रेटरी बोर्ड बघून भडकला. “अरे, आपण म्हणजे कोण? वाचेल तो आपणच की!” पण रंग वाळला होता, मॅच दुसऱ्या दिवशी होती, आणि ते तसंच राहिलं.

थोरली ‘आपण’खाली लागली, मी ‘पाहुणे’खाली. इथून माझ्या काळजीला सुरुवात झाली. थोरलीला उतरवलं की अख्खं मैदान नाचायचं. मला उतरवलं की सगळे डोक्याला हात लावून बसायचे. म्हणजे तिने लवकर जावं आणि मी मात्र शेवटपर्यंत टिकावं, अशी सगळ्यांची इच्छा. चेंडू आमच्या गोलाकडे यायला लागला की मला धडधडायचं. आणि आमचा गोलकीपर पहाटेपासून बेकरीत राबून यायचा, उभ्या उभ्या जांभया द्यायचा. काळजी करू नको तर काय करू?

उंचावरून माणसं फार बघितली मी. ठरवून, विचार करून क्लबाच्या मागे लागलेला एकही माणूस मला दिसला नाही. कोणाचा मेव्हणा डाव्या बाजूने खेळायचा, म्हणून तो यायचा. एक शिंपी नुसता सावलीला टेकला होता, तो पुढे अकरा वर्षं टेकला. एक मास्तरीणबाई भांडायला आल्या होत्या, चेंडू त्यांच्या काचेवर बसला म्हणून. पुढच्या शनिवारी त्या पंचाशी भांडत होत्या. आणि बाबा? बाबा चुकून आले.

बाबा म्हणजे सिस्टरबाईंचे वडील. सिस्टरबाई डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स, बदली होऊन आमच्या गावात आल्या, आणि एकट्या राहिलेल्या वडिलांना बरोबर घेऊन आल्या. बाबांना हे गाव मुळीच आवडलं नाही. इथलं पाणी जड, इथले रस्ते तिरके, इथली माणसं आगाऊ. कोणाशी बोलायचे नाहीत. मग एका शनिवारी त्यांच्या मूळ गावचा क्लब आमच्याकडे खेळायला आला, आणि सिस्टरबाईंनी त्यांना कौतुकाने मैदानावर आणून बसवलं.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खेळाडू त्यांना नुसते रंगांचे ठिपके दिसत होते. त्यांच्या गावचा क्लब पिढ्यान्‌पिढ्या लाल सदरा घालणारा. पण आमचाही क्लब लालच, म्हणून त्या दिवशी पाहुणे पांढऱ्यात उतरले होते. हे बाबांना कोणी सांगितलंच नाही. त्यांना लाल ठिपके दिसले आणि बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘आपण’ दिसलं. झालं! आपले लाल, आपलेच आपण. दीड तास बाबा घसा फुटेस्तोवर ओरडले. शेवटी थोरली उतरली, तिच्या जागी एक आकड्याची पाटी चढली, आणि बाबा शिडीजवळ येऊन पेंटरला मिठी मारून म्हणाले, “आपण जिंकलो हो, आपण जिंकलो!”

पेंटरने विचारलं, “कुठले तुम्ही?” बाबांनी गावाचं नाव सांगितलं. पेंटर आधी हसला, मग त्याला राहवेना म्हणून खरं काय ते सांगितलं.

बाबांचा चेहरा मी वरून बघत होते. “म्हणजे मी दीड तास तुमच्यासाठी ओरडलो?” ते कडाडले. “ही शुद्ध फसवणूक आहे! ‘आपण’ काय लिहिता? ‘आम्ही’ लिहा ना सरळ!”

“‘आम्ही’ लिहिलं असतं, तर तुम्ही बाहेरच राहिला असतात,” पेंटर म्हणाला. “बसा पाहुणे, चहा घ्या.”

बाबांनी चहा घेतला नाही. पण पुढच्या शनिवारी ते आले. म्हणाले, “तुम्ही लोक बोर्डावर काय काय खोटं लिहिता, त्यावर लक्ष ठेवायला आलोय.” तेव्हापासून पेंटर त्यांना ‘पाहुणे’च म्हणायला लागला, आणि त्याचं बघून सगळं मैदान. मी मात्र बाबाच म्हणते, सिस्टरबाई म्हणतात तसं.

हळूहळू पाट्या खालून वर द्यायचं काम बाबांकडे आलं. पेंटर शिडीवर, बाबा खाली. चहा दोघांत एक, भांडण दर पाच मिनिटांनी. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि मैदानात येऊन त्यांनी सगळ्यात आधी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही पाटी वाकडी कापलीय.” पेंटर दोन शनिवार त्यांच्याशी बोलला नाही. क्लबाच्या खोलीचं छप्पर गळायला लागल्यावर आम्हा पाट्यांची पिशवी बाबांच्या खाटेखाली आली, कारण ओलीने आम्हाला गंज धरेल ही काळजी पेंटरपेक्षा त्यांनाच जास्त. पण तोंडाने कधी ‘आपला क्लब’ म्हणतील तर शपथ. “ह्या लोकांना खेळता येत नाही.” “ह्या लोकांचा गोलकीपर झोपतो.” पाच वर्षं हेच चाललं.

मग यंदा ते संकट आलं. आमचा क्लब हरत हरत तळाला गेला. तळाचा क्लब खालच्या गटात जातो, आणि खालच्या गटातल्या क्लबाला नगरपालिका मैदान देत नाही, ते ट्रक उभे करायला जातं. शेवटची एक मॅच राहिली होती. बरोबरी झाली तरी पुरे होती. म्हणजे सगळं माझ्यावर आलं, कळतंय ना? मी ‘पाहुणे’खाली टिकले, तर मैदान टिकणार होतं. आणि पाहुणे कोण? बाबांच्याच मूळ गावचा क्लब.

आदल्या दिवशी खाटेखालून मी सगळं ऐकत होते. सिस्टरबाईंनी बदलीचा कोरा अर्ज आणला होता. त्यांच्या मूळ गावच्या दवाखान्यात एक जागा निघाली होती.

“बाबा, तुम्ही इथे माझ्यासाठी अडकलात. जायचं का परत? मैदानही गेलं, तर इथे तुमचा वेळ तरी कसा जाणार?”

बाबांनी कपाट उघडून अर्ज आत ठेवला. मग म्हणाले, “उद्याची मॅच होऊ दे. मग सांगतो.”

ते जेवले नाहीत. पिशवी ओढून त्यांनी मला बाहेर काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं. मला म्हणाले, “पडू नकोस हं बाई.” हा माणूस माझ्याशी कधी गोड शब्द बोलला नव्हता. माझं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

मॅचच्या दिवशी पेंटरचे गुडघे धरले होते, म्हणून शिडीवर बाबाच चढले. मला खिळ्याला अडकवून दोनदा ओढून बघितलं. पाहुण्यांच्या बसमधून त्यांचा धाकटा भाऊ आला होता. तो लांबूनच ओरडला, “दादा! आज आपलंच!” बाबांनी नुसता हात हलवला.

पहिला अर्धा वेळ गेला, मी टिकले. दुसरा सुरू झाला. वारा सुटला होता, मी खडखडत होते. पेंटर फळीखाली घड्याळ घेऊन बसला होता.

“किती राहिली?” बाबांनी विचारलं.

“आठ मिनिटं.”

“मघाशीही आठच म्हणालास!”

“मघाशी नऊ म्हणालो. घड्याळ माझं आहे का तुझं?”

‘अहो’चं ‘अरे’ झालं होतं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. गोल झालाच तर म्हणून एक आकड्याची पाटी तयार ठेवायची पद्धत असते. बाबांनी ती बाकावर ठेवली आणि तिच्यावरच बसले. चांगले दाबून बसले.

तीन मिनिटं राहिली असताना आमच्या एका खेळाडूने घाईत पाय घातला, पाहुण्यांचा माणूस पडला, आणि पंचाची शिट्टी वाजली. पेनल्टी. मास्तरीणबाई पंचाला नाही नाही ते बोलल्या, पण पेनल्टी होतीच. बेकरीवाला गोलात उभा राहिला. त्या दिवशी त्याने एकही जांभई दिली नव्हती. चेंडू सुटला, त्याने बरोबर बाजूला उडी घेतली, त्याची बोटं चेंडूला लागली, आणि चेंडू बोटांना लागून आत गेला.

आमच्या बाजूला सगळे डोक्याला हात लावून बसले. पलीकडे पाहुणे नाचत होते. बोर्डाजवळ कोणी हलेना, तेव्हा तेच ओरडायला लागले, “पाटी बदला! पाटी बदला!”

बाबा उठले, शिडी चढले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि लगेच खाली दिलं नाही, क्षणभर छातीशी धरलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी टिकले नाही. माझं एवढं एकच काम होतं, आणि मी टिकले नाही.

मॅच संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा बाबा शिडीच्या पायाशी बसले होते, मी त्यांच्या मांडीवर. धाकटा भाऊ धावत आला, त्याने त्यांच्या गळ्यात हात टाकले. “दादा! दादा, आपण जिंकलो!”

बाबांनी त्याचे हात हळूच सोडवले. त्याच्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, “तुम्ही जिंकलात रे. छान खेळलात.” मग त्यांनी पेंटरकडे बघितलं आणि म्हणाले, “आपण हरलो.”

भावाला काही कळलं नाही. पेंटरला कळलं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. नंतर सवयीने म्हणाला, “चला, पाहु...” आणि तिथेच थांबला. “चल रे,” म्हणाला, “चहा घेऊ.”

मैदान गेलं. आता तिथे ट्रक उभे असतात. बोर्डाची फळी पेंटरच्या अंगणात भिंतीला टेकून आहे. क्लब मात्र आहे. खालच्या गटात, गावाबाहेरच्या माळावर खेळतो. तिथे बोर्ड नाही, शिडी नाही, खिळाही नाही. म्हणून पेंटर थोरलीला हातात धरून उभा राहतो आणि बाबा मला. लोक गोल किती झाले ते ह्या दोघांकडे बघून समजून घेतात. पूर्वी मी वाऱ्याने हलायचे, आता बाबांच्या हातांनी हलते, आणि मला त्यांच्या हातांची काळजी लागून राहते. सिस्टरबाईंचा अर्ज अजून कोराच कपाटात पडलाय. त्यांनी विचारलं की बाबा म्हणतात, “शनिवारी आपली मॅच आहे, ती होऊ दे, मग बघू.” पण कपाट उघडल्याचा आवाज आला की मला घाम फुटतो.

ऐका, पिशवी हलली. बाबा चपला घालतायत. निघायची वेळ झाली.

तुम्ही कधी त्या माळावरून जात असाल आणि दोन म्हातारे पत्र्याची दोन शून्यं घेऊन उभे दिसले, तर हसू नका. पाठीवरचा दात दिसला तरी हसू नका. जरा थांबा. कोणाची मॅच आहे म्हणून विचारा. बाबा काय सांगतील ते तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि थांबलातच, तर मनातल्या मनात माझ्यासाठी एवढंच म्हणा, की आज तरी हिला कोणी उतरवू नये.