आजोबांचा तास

अमिरातीतल्या अल ऐनच्या त्या व्हिलात दिव्यांना बटणंच नव्हती. माणूस हलला की दिवा लागायचा, दहा मिनिटं गप्प बसला की विझायचा. आता तुम्हीच सांगा, शहात्तर वर्षांचा माणूस परक्या घरात हलून हलून हलणार तरी किती? नागेशरावांना बसल्या जागी हात वर करावा लागे, वर्गात हजेरी दिल्यासारखा.

परकं कसलं म्हणा, मुलाचंच घर. बायको गेल्यावर सुजीतने त्यांना कुडाळहून इकडे आणलं होतं.

चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. नातीला, ओवीला, घरातल्या विजेच्या दिव्यावर प्रोजेक्ट मिळालं तेव्हा म्हातारा हरखून गेला. एडिसन काय, सगळेच सांगतील! यांनी लुइस लॅटिमरवर चार पानं टिपणं काढली. ओवीने एकदा जवळ येऊन विचारावं, एवढीच आस होती.

आठवडा गेला. शेवटी त्यांनीच विचारलं, "ओवी, लॅटिमर घेतलास ना?"

"हू? आजोबा, इट्स डन. स्लाइड्स रेडी आहेत."

गुरुवारी संध्याकाळी शाळेत कार्यक्रम होता. "बाबा, पास दोनच मिळालेत हो," सुजीत ओशाळून म्हणाला. "यल्ला ओवी, चल, उशीर होतोय." सुनेने, संजनाने, झाकून ठेवलेलं ताट दाखवलं आणि तिघं गेली.

नागेशराव जेवायच्या खोलीत आले. चार खुर्च्या ओळीत मांडल्या, पहिली ओवीची. "हं, मुलांनो! लॅटिमरचे आईवडील गुलामीतून पळून आलेले. हा पोरगा नुसतं बघून बघून नकाशे काढायला शिकला. दिव्यातली कार्बनची तार भाजताना मोडायची, ती याने पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजली!" हात असे चालले होते की अर्धा तास दिवा एकदाही विझला नाही.

"काही शंका?"

कोण विचारणार! त्यांना रडू आलं, अगदी पोटातून आलं. ते ओवीच्या खुर्चीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी दिवा गेला.

मग गाडी थांबली, दार उघडलं.

"आजोबांना सर्टिफिकेट दाखवू?" ओवीचा आवाज.

"शू! आत अंधार आहे, झोपलेत ते," संजना हळूच म्हणाली.

तिघंही पाय न वाजवता जिना चढून गेली. नागेशरावांनी हात वर केला, दिवा लागला, तेव्हा वरचं दार बंद झालं होतं.