बोयानच्या गाडीचा कोबा

मागच्या वर्षी जूनमध्ये बोयानची मोटारसायकल बापाच्या, वितोमिरच्या, अंगणात आडवी झाली, आणि तेव्हापासून बोयान घरी आला नव्हता. अंगण काळ्या चिकण मातीचं, त्यात रात्रभर पाऊस. साइड स्टँड हळूहळू खाली रुतत गेला आणि दोनशे किलोंचं ते धूड धाडकन आलुबुखाराच्या रोपावर कोसळलं. पोरगा अनवाणी धावत बाहेर आला. वितोमिर पायरीवर कॉफी पीत बसला होता. हात लावायचं सोडून त्याने तोंड उघडलं.

"बरं झालं! आज ती पडली, उद्या तू पडशील. आणि तुझ्या थडग्याचा कोबा मलाच घालावा लागेल, दुसरं आहे कोण गावात?"

आता असं कुठला बाप बोलतो? पण वितोमिर बोलला. चाळीस वर्षं आसपासच्या सहा गावांत थडग्यांचे कोबे घालणारा तो एकटा गवंडी. थडगं म्हणजे त्याला रोजचं काम, सुताराला खिडकी असते तसं. आणि त्या गावात माणसं जिवंतपणीच आपलं थडगं बांधून घेतात, वर नाव आणि जन्मसाल कोरून पुढे मृत्यूच्या सालासाठी आडवी रेघ मारून ठेवतात, आणि रविवारी जाऊन काम नीट झालंय ना ते बघून येतात. त्यामुळे आपण काही भयंकर बोललो असं त्याला वाटलंच नाही. बोयानला वाटलं. त्याने गाडी एकट्याने उचलली, तासाभरात नोकरीच्या गावचा, ऑस्ट्रियाचा रस्ता धरला, आणि मग चौदा महिने फोन आला तो फक्त आईला.

ऑगस्टच्या मध्यावर वितोमिरची बायको स्तामेन्का फोन ठेवून अंगणात आली तीच डोळे पुसत.

"येतोय! अठ्ठावीसला, देवमातेच्या सणाला येतोय!"

"माझं नाव काढलं का?" वितोमिरने विचारलं.

"विचारत होता, बाबा घरी असेल का."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नाही, राजवाड्यावर जेवायला जाणार आहे! अरे माणसा, तू घरी नाहीतर कुठे असणार?"

वितोमिर हसला नाही. पोराची माफी मागायची हे त्याने केव्हाच ठरवलं होतं. पण तोंडाने मागायची म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. तोंडाने घाण केली ती तोंडानेच निस्तरावी हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. हातांवर मात्र त्याचा भरवसा होता. पोरगा फाटकातून आत येईल, गाडीला पक्की जागा दिसेल, आणि सगळं आपोआप समजेल, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कामाला लागला. फाटकापासून चार पावलांवर वीतभर खोल माती काढली, तळाला खडी अंथरली, आणि धुमस घेऊन दुपारपर्यंत ठोकत बसला. शेजारचा ल्युबिशा कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होता.

"काय रे, गाडीला पलंग करतोयस की काय?"

"तुझ्यासारखा लोळणारा नाही तो. गाडी उभी राहील त्याच्यावर."

"बायकोला सांग, उशीही शिवायला घे!"

"तू वाळू दे दोन पाट्या, जीभ नंतर चालव."

वाळू आली, सिमेंट आलं, लोखंडी जाळी पडली. मोजायला टेप लागली नाही. दोन मीटर दहा लांब, नव्वद रुंद, हे त्याच्या पावलांत बसलेलं होतं, आणि गाडी तेवढ्यात नेमकी मावत होती. पाणी चढू नये म्हणून कोबा जमिनीपेक्षा वीतभर वर घेतला. पाणी साचू नये म्हणून पायथ्याकडे किंचित उतार दिला. कडा थापीने गोल केल्या. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. चाक घसरू नये म्हणून ओल्यावर झाडू फिरवून खरखरीत केलं, आणि डोक्याच्या बाजूला एक हातभर पट्टी गुळगुळीत ठेवली.

त्या पट्टीवर त्याने खिळ्याने पोराचं नाव घातलं. जागा त्याचीच आहे हे कळायला नको? अक्षर त्याचं सुरेखच होतं. नाव झालं, हात पुढे सरकला, जन्मसाल उमटलं, आणि सालापुढे रेघही ओढली गेली. रेघ बघून वितोमिर दचकला. "चळलास की काय म्हाताऱ्या!" असं स्वतःलाच म्हणत त्याने थापीने ती पुसून टाकली आणि सुटकेचा श्वास घेतला. बाकीचं त्याला काहीच दिसलं नाही.

मग ओली गोणपाटं घालून तो दहा दिवस पाणी मारत राहिला. स्तामेन्का भोपळी मिरच्या भाजण्यात बुडालेली. गोणपाटाखाली काय आहे ते बघायला तिला वेळ नव्हता. सणाच्या सकाळी त्याने गोणपाटं काढली, कोबा धुतला आणि स्वच्छ सदरा घालून पायरीवर बसला.

बोयान साडेअकराला आला. फाटकातून पुढचं चाक आत आलं आणि थांबलं. हेल्मेटच्या काचेमागे काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. बराच वेळ इंजिन नुसतं चालू होतं. मग त्याने गाडी मागे घेतली, रस्त्याकडेला उभी केली आणि स्टँडखाली एक फळकूट सरकवलं.

आईच्या गालावर त्याने तीनदा ओठ टेकवले. बापाशी हात मिळवला.

"गाडी आत घे की," वितोमिर म्हणाला.

"बाहेर बरी आहे."

भरलेल्या मिरच्या निघाल्या, राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, ग्लास भरले. बोयानने ग्लासला ओठ लावले नाहीत. गाडी चालवायची आहे म्हणाला. स्तामेन्काचा चेहरा उतरला. दोन रात्री राहणार होता ना?

"पोरा, फळकुटावर कशाला उभी करतोस," वितोमिरने पुन्हा म्हटलं. "मुद्दाम तुझ्यासाठी केलाय कोबा. बघ तरी."

"बघितला, बाबा."

एवढं बोलून तो उठला आणि जॅकेट घ्यायला आत गेला. स्तामेन्का कॉफीचा ट्रे घेऊन अंगणात आली आणि पहिल्यांदाच तिने तिकडे नीट पाहिलं. ट्रे तिने जमिनीवरच ठेवला. छातीवर क्रॉस काढला.

"वितोमिर... हे काय केलंस रे तू?"

"काय केलं? कोबा—"

आणि मग त्यालाही दिसलं. लांबी, रुंदी, उंची, गोल कडा, पूर्वेकडे पायथा, पश्चिमेला नाव. असे शेकडो त्याने घातले होते. फक्त मेणबत्ती लावायची राहिली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांची किळस आली.

तो धडपडत रस्त्यावर गेला. बोयान हातमोजे चढवत होता.

"देवाशपथ सांगतो, पोरा, मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे मला."

"चुकलो मी. त्या दिवशीही चुकलो, आजही चुकलो. मला तुझी माफी मागायची होती रे."

"बाबा, तू मुद्दाम केलं असतंस ना, तर मी भांडलो असतो. ओरडलो असतो, आणि मग बसून तुझ्याबरोबर प्यायलोही असतो. पण तुझ्या मनातही नव्हतं आणि तरी तुझ्या हातांनी हेच केलं. माझ्यासाठी काही करायचं म्हटलं तर तुझ्या हातांना दुसरं काही सुचत नाही. त्याच्यावर मी काय भांडू?"

मग वितोमिर जे कधीच बोलला नव्हता ते एका दमात बाहेर आलं.

"मला भीती वाटते. तू त्या गाडीवर बसलास की मला थडगीच दिसतात. चौदा महिने रोज दिसताहेत. दुसऱ्यांच्या पोरांचे घातलेत रे मी कोबे, विशीतल्या, पंचविशीतल्या. आई-बाप बाजूला उभे असतात आणि मी सपाटी बघायला पाणसळ लावत असतो. म्हणून तोंडातून तसलं येतं."

बोयानने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते.

"हे त्या दिवशी सांगायचं होतंस, बाबा. एवढं एक वाक्य. मी ती गाडी विकली असती."

त्याने हेल्मेट घातलं. "आईला फोन करत जाईन," म्हणाला, आणि गेला.

आवाज येत होता तोवर वितोमिर रस्त्यातच उभा राहिला. मग आत येऊन त्याने घण शोधला आणि कोब्यावर घालायला सुरुवात केली. नावाचा टवका उडाला. बाकी कोबा फुटेना. त्याच्या हातचं काम होतं ते. तो रडत होता आणि घण मारत होता.

स्तामेन्का पायरीवर बसून राहिली. तिने त्याला अडवलं नाही.

"फोड," ती म्हणाली. "फोड हवा तेवढा. बघायला तो थोडाच थांबलाय."