ओहोटीला होडी सुटत नाही

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावरची कितीतरी अक्षरं पुसली गेली आहेत आणि खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले आहेत. म्हणून कुणी 'अरेरे' म्हणू नये. रत्नागिरीत, मिऱ्याच्या एका घरात मी नऊ वर्षं राबतो आहे आणि अजून थकलेलो नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. रावजींनी मला खोक्यातून बाहेर काढलं तिथपासूनचंच आठवतं. रावजी एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी होते. ते निवृत्त होऊन आले तेव्हा वाडीला वाटलं, आता हे चार कलमं बघतील आणि देवळाच्या पारावर बसतील. रावजींनी कॉम्प्युटर घेतला आणि राक्षस, जादूगार, राजवाडे असलेल्या एका ऑनलाइन गेममध्ये शिरले.

त्या गेममध्ये हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जगात वावरतात. बहुतेकांना मारामारीची हौस असते. रावजींचा गट मात्र वेगळा. जे सोंग घेतलं त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं, रागवायचं, अशी त्यांची रीत. रावजींनी नावाड्याचं सोंग घेतलं. तिथल्या नदीतून खरं तर कुणालाही पोहून जाता येतं. पण गटाने ठरवलं होतं की पाणी शापित आहे, त्यात उतरायचं नाही, पलीकडे जायचं ते नावाड्याच्या होडीतूनच. सगळ्यांनी मानलं म्हणून ते खरं झालं.

रावजींचे वडील जयगडच्या खाडीत होडी चालवायचे. ओहोटीला होडी चिखलात रुतते, म्हणून ती भरतीलाच सुटायची. रावजींनी तोच नियम गेममध्ये लावला. तिथलं पाणी रंगवलेलं, ते ना चढत ना उतरत. तरी रावजी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे, तिची पाऊणपट करायचे आणि जितके येतील तितक्या वाजता होडी सोडायचे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुण्यातले, मस्कतमधले खेळाडूसुद्धा "नावाडीबाबा, आज तिथी कोणती?" असं विचारू लागले. भरतीची वाट बघत सगळे काठावर बसायचे. एक आंधळा गवई होता, एक परागंदा राणी होती. गटातली सगळी भांडणं, लग्नं आणि कटकारस्थानं त्या काठावरच जमली.

"होडी सुटतेय हो" ही हाळी रावजींनी माझ्यावर हजारो वेळा टाइप केली, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे माझे एच, ओ आणि डी कधीच पुसले गेले. तलवार चालवायचा एकचा आकडा मात्र आजही कोरा करकरीत आहे, आणि त्याचा मला गर्व आहे. दसऱ्याला कोयती आणि पाटा-वरवंट्याबरोबर मलाही झेंडूचं फूल मिळतं.

उपेक्षाही वाट्याला आली. एका गणपतीत त्यांचा मुलगा नितेश मुंबईहून रंगीत दिव्यांचा कीबोर्ड घेऊन आला आणि मी माळ्यावर जुन्या जाळ्यांत जाऊन पडलो. चौथ्या दिवशी रावजींनीच मला खाली काढलं. नव्याची बटणं दाबली की नाही हे बोटाला कळत नव्हतं म्हणे. त्यांच्या पत्नी सोनूबाई म्हणाल्या, समुद्र सोडून आले तरी होडी काही सुटली नाही. तो टोमणा होता, पण मला गोड लागला.

मग गेल्या वर्षी आमच्यावर वेळ आली. गटाचा प्रमुख स्वरूप, चिपळूणला बँकेत नोकरी करणारा, गेममधला सेनापती. त्याने मोठी जत्रा ठरवली. बाहेरचे चार गट पाहुणे येणार, सगळी मिरवणूक नदीपार जाणार, रविवारी दुपारी चार वाजता. सगळं चोख ठरवलं, फक्त कॅलेंडर बघायचं राहिलं. त्या दिवशी त्रयोदशी होती. पावणेदहाला भरती, म्हणजे चारला ठार ओहोटी.

रावजी चारला होडी काढायला तयार होईनात, तेव्हा स्वरूप एसटीने घरी आला. पाहुण्यांसमोर गटाची नाचक्की होईल, असं परोपरीने सांगितलं.

"काका, एकच दिवस. तिथं भरती-ओहोटी नाहीच आहे. ते नुसतं चित्र आहे."

"आणि तू सेनापती हायस, ता काय खरा हाय?" रावजी म्हणाले. "आठ वर्सं लोकांना बसवून ठेवलंय मी. आज पाव्हण्यांसाठी होडी काढली, तर ती सगळी उगाच बसली होती असा होतो त्याचा अर्थ."

"मग तुम्हाला गटातून काढावं लागेल."

सोनूबाईंनी कोकम सरबताचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "घरात ह्यांना मी रोज बोलतंय," त्या म्हणाल्या, "पण होडीबद्दल ह्यांनी कधी खोटा केलान नाय. सरबत पी नि जा."

रविवारी चारला काठावर साठ जण जमले. रावजींनी माझ्यावर शांतपणे टाइप केलं, "ओहोटी आहे. होडी चिखलात आहे." पुढच्याच मिनिटाला त्यांचं नाव गटातून गेलं. सेनापतीने हुकूम दिला आणि सगळे पाण्यात उतरून पोहत पलीकडे गेले. राणी गेली, आंधळा गवईसुद्धा गेला. मला इतका संताप आला होता की माझी सगळी बटणं एकदम दाबली जावीत असं वाटलं.

सोमवारी चतुर्दशी, भरती साडेदहाला. सकाळी साडेनऊला रावजी नेहमीसारखे येऊन बसले. अलीकडचा काठ रिकामा होता. पलीकडच्या काठावर मात्र सेनापती एकटाच उभा होता. पोहून यायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याने हाक मारली, "नावाडीबाबा, होडी आणा."

रावजी रागावलेले होते, ते मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. मग त्यांनी एकच ओळ लिहिली, "पाण्याला अजून तास आहे. बसा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्यावरून फडकं फिरवा, असं माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायची रीत आहे. फडकं फिरवा अथवा नका फिरवू. पण कुणी आपलं काम मनापासून, आपल्या वेळेने करत असेल, तर 'हे कुठे खरं आहे' म्हणून त्याला हसू नका. ते खरं ठेवायला तो किती झिजला आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

सेनापतीने तलवार बाजूला ठेवली आणि तो काठावर बसला.