शिवणीतलं कापड

लेकीची धावायची चड्डी आईनं पुन्हा मशीनवर घेतली. शिवणकामात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. कंबर आत आली म्हणजे पोरगी वेगात आली, असं तिचं सरळ गणित. हलकं शरीर लांब पळतं, हे प्रशिक्षकांनीच नाही का सांगितलं? गिऱ्हाइकांपुढे लेकीचं कौतुक करताना तिची जीभ दमत नसे.

"आतलं कापड काचतंय गं आई," लेक म्हणाली. "कापून टाक ना."

शिवणीत राखलेलं कापड कधी कातरायचं नाही, माणूस उद्या अंगानं भरतं, असं ती शिकायला येणाऱ्या मुलींना कानीकपाळी ओरडून सांगायची. पण लेकीपुढे तिचं काही चालत नसे. तिनं कात्री चालवली.

लेकीचं ताट तेवढं तिला दिसलं नाही. खरं सांगायचं तर दिसलं होतं. पोरगी घास इकडचा तिकडे करायची, 'मैदानावर खाल्लं' म्हणायची आणि हात धुतला की जिना चढत-उतरत बसायची. पाळी बंद झाली तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "पळणाऱ्या मुलींचं होतं असं." आईनं तेही गोड मानून घेतलं.

मग एकदा सरावात, साध्या वळणावर, पोरगी खाली बसली. ठेच नाही की धक्का नाही, आणि मांडीचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.

"हाडं म्हातारीची झालीत. हृदयही थकलंय. ही खाणार नसेल, तर पळण्याचं सोडा, हाती लागायची नाही."

घरी आईनं वाटी पुढे केली. लेकीनं वाटीत डोकावून पाहिलं.

"खाते मी," ती म्हणाली. "पण आधी माझी चड्डी सैल करून दे. ती मला घट्ट झालेली बघवणार नाही."

आई लगबगीनं उठली. देवच पावला म्हणायचा. तिनं शिवण उसवली, कापड उलटं केलं, बोटांनी ताणून पाहिलं. सैल करायला आत काही उरलंच नव्हतं.

"नवी शिवते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "याच कापडाची. अगदी अशीच."

"नको. मला हीच हवी."

लेकीनं वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं चादरीखाली तिचा धड असलेला पाय वर-खाली होऊ लागला. आई उसवलेली चड्डी मांडीवर घेऊन ते बघत बसली.