झाड कोणाचं

कोर्टात उभं राहून फक्त दोन शब्द बोलायचे होते, ‘कबूल नाई’. त्या दोन शब्दांपायी नीलाबाईने आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. चूल पेटवताना कबूल नाई, बकरी सोडताना कबूल नाई. लेक दीपाली बाजेवर न्यायाधीश होऊन बसायची आणि ही बया तिच्यासमोर हात जोडून उभी. हात जोडलेस की चोरासारखी दिसतेस, असं दीपालीने सांगितलं की नीलाबाई हात खाली घ्यायची, आणि मग त्या हातांचं करायचं काय, ते तिला सुचायचं नाही.

आरोप काय, तर राखीव जंगलात आग लावली. मोहफुलांच्या दिवसांत तिच्या झाडाखालून आग उठली आणि मागचा दोन एकर बांबू जळून गेला. गावातलाच वनरक्षक हेमराज पंचनाम्याला आला आणि त्याने विचारलं, झाड कोणाचं? आता या गावांत मोहाचं झाड कुठल्या सातबाऱ्यावर नसतं, पण कुठलं झाड कुठल्या घराचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी पाऊल टाकत नाही, वेचणं तर लांबच. नीलाबाईने ताठ मानेने सांगितलं की झाड माझं, माझ्या आजेसासऱ्यापासून माझ्याच घरचं. हेमराजने ते लिहून घेतलं, तिने खाली अंगठा दिला. पुढे समन्स आलं तेव्हा कळलं, की त्या कागदावर ती आरोपी झाली होती.

तळपायाची आग मस्तकाला गेली तिच्या. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देणारे गावात पुष्कळ, पण त्यांत ही बाई नाही. ती भल्या पहाटे जाऊन दोन-दोन तास खराटा मारते. अंगण काय झाडेल कोणी, असं मोहाखालचं रान झाडते. बरं, त्या दिवशी तर ती तापाने फणफणलेली होती, झाडायला दीपालीला पाठवलं होतं. पोरगी झाडून घरी आली, त्यानंतर आग लागली. वाटेवरच्या कोणी मेल्याने बिडी टाकली असणार, यात नीलाबाईला तीळमात्र शंका नव्हती. तिने हेमराजला येता-जाता शिव्या घातल्या. त्याच्या बायकोशी बोलणंसुद्धा टाकलं.

दीपाली सगळं ऐकून घ्यायची. तिचं स्वतःचं नाव वनरक्षक भरतीच्या यादीत लागलं होतं. पळण्यात ती तालुक्यात पहिली आली होती आणि आता फक्त पोलिसांची पडताळणी राहिली होती. बाप गेल्यावर मोहफुलं विकून शिकवलेली ही एकच लेक, तिच्या अंगावर खाकी चढलेली बघायची एवढाच नीलाबाईला ध्यास.

तारखेच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून तालुक्याच्या कोर्टात हजर झाली. सरकारकडून फुकट मिळालेले श्रीहरी वकील भले माणूस होते. त्यांनी व्हरांड्यातच केसचे कागद उघडले आणि तिला समजेल असं एकेक वाचून दाखवलं. आगीची जागा, झाडाचं खोड, हेमराजची सही. मग जप्त केलेल्या वस्तू आल्या. एक काडेपेटी. झाडाच्या बेचक्यात ठेवलेला एक खराटा, नवा, न वापरलेला, हिरव्या लुगड्याच्या काठाने बांधलेला.

नीलाबाईने त्यांना तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं.

तो खराटा तिने अंगात ताप असताना बसून बांधला होता, फाटक्या हिरव्या लुगड्याचा काठ काढून. कोणीतरी चोरला, असं दीपाली म्हणाली होती. एक सकाळ झाडलं तरी खराट्याची टोकं फुटतात, हे नीलाबाईला कोणी शिकवायला नको. वकील फलकावर आपला नंबर बघायला गेले, आणि तिने लेकीकडे पाहिलं.

"झाडत बसले असते तर दोन तास गेले असते, आई," दीपाली खाली बघत म्हणाली. "साडेसहाले पळायची टेस्ट होती. मले वाटलं, थोडासाच पाला आहे, जळून विझून जाईल."

एरवी कोंबडी घरात आली तरी सात पिढ्या उद्धरणारी नीलाबाई, पण आज तोंडातून एक शिवी फुटेना. आठ दिवस ही पोरगी बाजेवर बसून आपल्याच आईला विचारत होती, गुन्हा कबूल आहे का? कसं विचारवलं तिला?

वकील परत आले आणि म्हणाले, बिनधास्त कबूल नाही म्हणा, पेटवताना कोणी पाहिलेलं नाही. पण नीलाबाईचं डोकं आता भलतीकडेच धावत होतं. मी नाही, तर मग कोण? दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी पाऊल टाकत नाही, आणि ज्या घरचं झाड त्या घरात माणसं दोनच. कोर्टाला हे ठाऊक नसेल. हेमराजला ठाऊक होतं.

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी आरोप वाचला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

पाठ केलेले दोन शब्द जिभेवर आले आणि तिथेच अडकले. खोटं बोलून हो म्हणायलाही जीभ वळेना.

"झाड माझं आहे, मॅडम," नीलाबाई म्हणाली.

मॅडम म्हणाल्या की झाडाचं विचारलेलं नाही, आग लावली की नाही तेवढं सांगा. वकिलांनी हळूच तिचा पदर ओढला.

"झाडाखाली जे झालं, ते माझ्या घरचं आहे. झाड माझं आहे."

तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

"मॅडम," दीपाली उभी राहून म्हणाली, "झाड माझंबी आहे."

मॅडम कागदांत बघू लागल्या, हे झाडाचं काय चाललंय ते त्यांना कळेना. वकिलांनाही कळलं नाही. दाराशी पुरावा म्हणून आणलेला तो हिरव्या काठाचा खराटा घेऊन उभ्या असलेल्या हेमराजला मात्र कळलं, आणि त्याने मान खाली घातली. खाली बस पोरी, असं नीलाबाईला ओरडून सांगायचं होतं, पण तोंडात येत होते ते आठ दिवस घोकलेले दोनच शब्द.