बॅटरी संपवायला लावलेला सिनेमा

मी एक जुना लॅपटॉप आहे. म्हातारी माणसं समजूतदार असतात म्हणे. मी मात्र वैतागलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. पाळणा नाही, अंगाई नाही. होता फक्त एक सरकता पट्टा आणि हातमोजे घातलेली बोटं. कुणी पडदा बसवला, कुणी कळा बसवल्या. बटणालाही कळ म्हणायचं आणि दुखण्यालाही कळ, हे आपल्या भाषेचं शहाणपण मला पुढे पटलं.

मला एका घरातल्या थोरल्या मुलीसाठी घेतलं. काय ते कौतुक! आलं गेलं मला बघे, बोट लावी, मागे सरे. त्या घरची आई शिवणकाम करायची. तिने उरलेल्या निळ्या कापडाची मला खोळ शिवली, आत मऊ अस्तर लावून. "ओल्या हाताने शिवू नका गं त्याला," ती म्हणायची. थोरलीने, म्हणजे ताईने, माझ्यावर अभ्यास केला, मैत्रिणींशी भांडणं केली आणि उशी पोटाशी धरून सिनेमे पाहिले. सिनेमा बघताना रडू आलं की ती माझा पडदा अर्धा मिटायची, जणू मीच तिला बघत होतो.

मग ताई सिनेमा शिकायला गेली. तिला मोठं यंत्र मिळालं आणि मी धाकट्याकडे आलो. इथूनच माझी साडेसाती सुरू झाली.

धाकटा दुसऱ्या शहरात शिकतो. भाड्याची खोली, एक खाट, एक टेबल, आणि जमिनीवर वायरींचा असा गुंता की झाडू हात जोडून परत जातो. शनिवार-रविवार तो नवे लॅपटॉप तपासतो. कंपन्या त्याला ते चार दिवस वापरायला देतात. हा त्यांना तापवतो, दमवतो, मोजतो आणि कुठला चांगला, कुठला वाईट ते लिहितो. ते वाचून लोक खरेदी करतात.

या कारभारात माझं काम काय? तराजूतल्या वजनाचं. त्याला कुणी घरी नेत नाही, पण सगळं त्याच्याविरुद्ध तोलतात. दर शनिवारी एक चकचकीत पाहुणा माझ्या शेजारी बसतो, दोघांवर एकच सिनेमा लागतो आणि आधी कुणाची बॅटरी संपते ते धाकटा बघतो. अर्थात माझीच संपते. "बघा, जुन्यापेक्षा तिप्पट टिकला!" असं तो लिहितो. हरण्यासाठीच राखून ठेवलेला पैलवान तुम्ही कधी पाहिलाय? मग माझ्याकडे बघा.

तेही मी सोसलं असतं. पण सिनेमा कुठला लावायचा, माहीत आहे? ताईने बनवलेला! दुसऱ्याचा सिनेमा वापरला तर हक्काची भानगड होते, म्हणून हा घरचा. ताईने तो महिन्याभरापूर्वी पाठवला होता. "नीट बघ आणि खरं सांग," असं बजावलं होतं. याने उत्तर पाठवलं, "मस्त आहे." बघितला होता का? छे! आईच्या शिवणकामावरचा सिनेमा तो. त्यात सुई भरभर हलते, लाल कापड आहे, कोपऱ्यात अंधार आहे. "चाचणीला एकदम झकास," इतकंच त्याला दिसलं. आवाज बंद करायचा, उजेड अर्धा ठेवायचा, सिनेमा संपला की पुन्हा पहिल्यापासून लावून द्यायचा, आणि आपण खाटेवर पुस्तक तोंडावर घेऊन झोपायचं. रिकाम्या खुर्चीला मी आई दाखवत राहायचो. गाणाऱ्याला भिंतीपुढे बसवावं, तसं.

कधीमधी तो डोळे चोळत उठायचा. नेमका शेवट चालू असला की पडद्यावर नुसतं शिवणयंत्र असायचं, स्तब्ध. "गोठला परत! थेरडा झालाय नुसता." असं म्हणून माझी कळ दाबायचा, चार-पाचदा, जोरजोरात. चाचणी मोडायची आणि बोल मला लागायचा. ओरडून सांगावंसं वाटे, अरे बाबा, मी गोठलेलो नाही! पण माझा आवाज तर त्यानेच बंद केलेला.

त्या शनिवारी नवा पाहुणाही त्याच जागी "गोठलेला" त्याला दिसला. धाकटा विचारात पडला. संध्याकाळी दार वाजलं. ताई आली होती, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. सोमवारी तिला सिनेमा कॉलेजात द्यायचा होता आणि शेवटाचा तिढा सुटत नव्हता.

"काय परीक्षक महाशय, बसायला जागा आहे का, की तीही तपासायला दिलीय?"

"वायर ओलांडून ये. आणि ताई, बरं झालं आलीस, तुझी फाईल खराब आहे. शेवटी गोठते."

ताई उभीच राहिली. "कॉलेजातले सर पण हेच म्हणाले. शेवट काप, लोकांना वाटेल काहीतरी अडकलं." मग तिने हळूच विचारलं, "तुलाही तसंच वाटलं?"

"मला नाही, दोन्ही लॅपटॉपना. एकाच जागी."

"तू बघितलास ना पण?"

"अगं, दर शनिवारी लागतो. बॅटरीसाठी."

ताई माझ्याकडे वळली.

"माझा सिनेमा," ताई एकेक शब्द तोडत म्हणाली, "तू बॅटरी मारायला वापरतोस?"

"बॅटरी मारत नाहीत गं, मोजतात."

"आणि आवाज?"

"तो बंदच ठेवावा लागतो. चार्ज खातो."

ताईने पिशवी खाटेवर आपटली. पाहुण्याची चाचणी चालू होती, त्याला हात लावायची सोय नव्हती. तिने टेबलाखालून माझा चार्जर ओढून काढला, मला लावला, आवाज पूर्ण चढवला आणि धाकट्याचा कान धरून त्याला खुर्चीत बसवलं. मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी माझ्यासमोर माणूस बसला होता!

मी जीव ओतला. आईचं शिवणयंत्र खडखडलं, कात्री चालली, आई सुईत दोरा ओवताना स्वतःशीच पुटपुटली. धाकटा आधी पाय हलवत होता, मग पाय थांबले. शेवट आला. शिवताशिवता फोन वाजला आणि आई लगबगीने उठून चित्राबाहेर गेली. पडद्यावर उरलं यंत्र आणि सुईखाली अर्धी शिवलेली बाही. धाकट्याचा हात सवयीने कळेकडे गेला. ताईने मनगट धरलं.

"दोरा बघ."

सुईतून लोंबणारा दोरा पंख्याच्या वाऱ्याने किंचित हलत होता. आणि आतून आईचा आवाज आला.

"बोल रे राजा! … छे, काम कसलं, रिकामीच बसलेय… अं? … बरं बरं, ठेव. तुझी यंत्रं बघ."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. आई परत येईल असं वाटत राहिलं. ती आली नाही. दोरा हलत राहिला, बाही पडून राहिली, आणि बऱ्याच वेळाने पडदा काळा झाला.

धाकटा नखाने टेबलाची कड खरवडत होता. शेवटी म्हणाला, "ताई, हे काप."

"का?"

"सगळ्यांसमोर दाखवणार? काप ना प्लीज."

"कमाल आहे तुमची," ताई म्हणाली. "सर म्हणतात, लोकांना कळणार नाही म्हणून काप. तू म्हणतोस, कळेल म्हणून काप. नाही कापत, जा!"

"पण लांब आहे गं शेवट."

"हो. फोन ठेवल्यावर आईलाही तो लांबच वाटला होता."

ताईने सोमवारी सिनेमा आहे तसा दिला. धाकट्याने पाहुण्यावर लिहिलेल्या परीक्षणातून 'शेवटी गोठतो' हे वाक्य काढून टाकलं. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. पुढच्या शनिवारी नवा पाहुणा आला, मी पुन्हा हरलो. चाचणीला मात्र त्याने रंगीत पट्ट्यांची कसलीशी चित्रफीत लावली. तीही आवाज बंद करूनच.

मित्रांनो, धूळ पुसा, चार्जर वेळेवर लावा, हे तर मी मागतोच. पण त्याहून मोठं मागणं एक आहे. वस्तू असो की माणूस, ते गप्प दिसलं की त्याच्या कळा दाबत सुटू नका. आवाज कुणी बंद केलाय, ते आधी पाहा. आणि मला मोजा, हवं तेवढं मोजा, माझी हरकत नाही. मोजून झालं की एकदा समोर बसून बघाही.