मग्रिबनंतरचा मंगळवार

"उचल तो कागद. उचल, आणि तुझ्या मालकाच्या थोबाडावर चिकटव!"

बू मुर्तिनीने भिरकावलेला कागद कुंपणावरून उडून गटाराच्या काठावर पडला. कासिरानने वाकून तो उचलला आणि पँटला पुसला. कार्यक्रमाच्या परवानगीच्या त्या अर्जावर सहा सह्या झाल्या होत्या. सातवी जागा मोकळी होती आणि तिच्यासमोर टाइप केलेलं नाव होतं मुर्तिनीच्या नवऱ्याचं, पाक दार्मोचं. दार्मो जाऊन महिना उलटून गेला होता. गेल्या खेपेचाच कागद तारीख बदलून काढला होता, नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. निदान आपल्या तरी यायला हवं होतं, हे कासिरानला आत्ता कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"यू, नाव मी हाताने खोडून देतो," तो म्हणाला. इतर तिला मानाने बू म्हणत; तो मात्र ती लग्न होऊन गल्लीत आल्यापासून, वयाने थोरल्या बाईला म्हणायचं तसं, यू म्हणत आला होता. "तुमचं नाव घालू. शनिवारचा कार्यक्रम आहे, आज गुरुवार. पोलीस चौकीवर आज शिक्का बसला नाही तर..."

"शनिवारी माझ्या नवऱ्याचा चाळिसावा आहे."

"चाळिसावा उद्या, यू. शुक्रवारी. मी स्वतः मोजलाय."

"तू मोजलास?" मुर्तिनी कुंपणाशी आली. हातात धुण्याचा पिळा होता, तो तिने तसाच धरून ठेवला. "कुठून मोजलास? मंगळवारपासून? दिवस मावळून मग्रिबची बांग झाल्यावर गेला तो. मग्रिबनंतर बुधवार लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तू त्याच्या उशाशी बसला होतास ना रे? डोळे तूच मिटलेस ना?"

बाईचं बरोबर होतं.

चूक साधी होती, पण कासिरानसारख्या माणसाच्याच हातून होण्यासारखी होती. मलांग शहराच्या या गल्लीत तो जन्मला आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या 'लुंबुंग'मध्ये बावीस वर्षं कामाला होता. लुंबुंग म्हणजे एकेकाळचं तंबाखूचं गोदाम, आता रॉक संगीताचं सभागृह. दर महिन्याला येणाऱ्या कार्यक्रमांचा कागद भिंतीवर लावायचा, मग परवानगीचा अर्ज घेऊन भिंतीला भिंत लागून असलेल्या सात घरांच्या सह्या, त्यावर गल्लीप्रमुखाची सही, त्यावर पोलिसांचा शिक्का, एवढं त्याचं काम. गिटार कशाला म्हणतात आणि बेस कशाला, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. पण कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचा जावई आलाय, कुणाला कुठल्या वेळी गाठलं तर सही मिळते, हे त्याला तोंडपाठ होतं. आयुष्यभर कागद वाहिल्यामुळे कागदावरचं त्याला खरं वाटे. दार्मोच्या मृत्यूचा दाखला त्यानेच कचेरीत नेला होता. त्यावर मंगळवार होता. म्हणून त्याने लुंबुंगच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मंगळवारपासून मोजलं आणि चाळिसावा शुक्रवारी संध्याकाळी काढला, कारण वार मावळतीलाच बदलतो आणि चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आदल्या संध्याकाळी होते. बुधवारपासून मोजला असता तर तो शनिवारी संध्याकाळी पडला असता. त्या खोलीत आपण होतो, बांग आपण कानांनी ऐकली होती, हे त्या वेळी त्याला आठवलंसुद्धा नाही. की आठवायचं नव्हतं? शनिवार मोकळा हवा होता हेही तितकंच खरं.

"दार्मो नेहमी सही करायचा, यू," तो चाचरत म्हणाला. "बावीस वर्षांत एकदाही नाही म्हणाला नाही. त्याला आवडायचं..."

"आवडायचं?" मुर्तिनी हसली, आणि ते हसणं ऐकून समोरच्या घरातली बाई दार लावून आत गेली. "त्याला तुमचा तो धुडगूस एक दिवस आवडला नाही. कानात कापूस घालून बसायचा. मी म्हणायची, नको करू सही, तर म्हणायचा, कासिरानची नोकरी जाईल गं. तुझ्यासाठी करायचा तो सही. आणि तू? कावीळ होऊन पिवळाधमक पडला होता, हातात चमचा धरवत नव्हता, तेव्हा पेन कुणी धरवलं त्याच्या हातात? बोटं धरून सही काढून घेतलीस. मी दारात उभी होते. बघत होते."

कासिरानने कागदाची घडी केली, ती खिशात नीट जाईना, म्हणून आणखी एक घडी केली, आणि तो निघाला.

लुंबुंगच्या भिंतीवर त्याच्याच हाताने लावलेला मोठा कागद होता. या महिन्याचे चार शनिवार, चार कार्यक्रम. पहिल्या ओळीत सुराबायाचा 'बेसी काराट' हा बँड, खाली जोग्या शहरातली मंडळी, मग गावातली पोरं. अक्षरं अशी टोकदार आणि गिचमिड की कासिरानला ती कधी लागली नव्हती. लोकांना मात्र लांबून वाचता येत.

मालक गिलांग आत रंगमंचावर वायरींच्या गुंत्यात बसला होता. पस्तिशीचा, केस मागे बांधलेले. लुंबुंग त्याच्या वडिलांनी सुरू केलं होतं. वडील कासिरानला 'भाऊ' म्हणत. हा 'पाक कासिरान' म्हणे, आदराने, पण कामापुरता. कासिरान त्याला 'मास' म्हणे, दादा म्हणावं तसं.

"मिळाली सातवी?"

कासिरानने सगळं सांगितलं. आपण चुकीचं मोजलं, हेही सांगितलं.

गिलांगने हातातली वायर खाली ठेवली. "म्हणजे शनिवार मोकळा आहे, असं तुम्ही मला सांगितलंत. मी तुमच्या शब्दावर सुराबायाची गाडी बोलावली. तिकिटं संपली. आता तुम्ही मला मग्रिब शिकवताय?"

"दोन तास उशिरा सुरू करू, मास गिलांग. मग्रिबनंतर बसतील, रात्री इशाच्या बांगेपर्यंत प्रार्थना होईल, जेवणाचे डबे वाटतील. मग..."

"मग काय? म्हातारी सही देणार आहे?"

"नाही."

"मग उशिराचं काय कौतुक सांगता! सही नाही तर शिक्का नाही. शिक्का नाही तर मी चार वाजता वाजवलं काय आणि दहाला वाजवलं काय." तो उठला आणि जवळ आला. आवाज अचानक मऊ झाला, आणि कासिरानला तो ओरडत होता तेच बरं वाटलं. "ऐका. दाखल्यावर वार कुठला?"

"मंगळवार."

"त्या खोलीत कोण होतं?"

"मी. यू मुर्तिनी चुलीवर पाणी ठेवायला गेल्या होत्या."

"झालं तर. मी गल्लीप्रमुखांना आज दुपार कलल्यावर, अस्रनंतर बसायला सांगतो. ते विचारतील. तुम्ही म्हणा, बांगेच्या आधी गेला. तुमच्या शब्दाला गल्लीत किंमत आहे. चाळिसावा शुक्रवारी ठरला की म्हातारीला शनिवारी अडवायला तोंड उरत नाही. प्रमुख तिच्या सहीशिवाय पुढे पाठवतील. कुणाचं काय बिघडतं? मेलेल्याला वार कळत नाही."

"त्याला कळत नसेल."

"काय?"

"काही नाही."

"आणि नाही म्हटलंत," गिलांग परत वायरींकडे वळत म्हणाला, "तर शनिवारी किल्ल्या टेबलावर ठेवून जायचं. मी काही माझा बाप नाही."

अस्रनंतर पाक मुजियोंच्या ओसरीवर माणसं जमली. मुजियो हे गल्लीप्रमुख, शाळेतून निवृत्त झालेले, भांडण मिटवताना चहा पाजायची सवय असलेले. आज चहाला कुणी हात लावला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या लावून घेणारे आले होते, कोपऱ्यावर बाक्सोची गाडी लावणारी बाई आली होती. तिने शनिवारसाठी मांसाचे गोळे वळायला घेतले होते, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. गल्लीतली निम्मी घरं लुंबुंगच्या शनिवारांवर चार घास जास्त खात. मुर्तिनीच्या बाजूला कुणी बसलं नव्हतं. तिच्या दोन्ही अंगांना चटई रिकामी होती.

"दाखला मंगळवार म्हणतो," मुजियो म्हणाले.

"दाखला डॉक्टरने दुसऱ्या दिवशी लिहिला. तो काय उशाशी होता?" मुर्तिनी म्हणाली. "मी चुलीपाशी होते. बांग चालू होती आणि मला ह्यांचा खोकला ऐकू येत होता."

"खोकला शेजारच्या कुणाचा असेल," गिलांग म्हणाला.

"चाळीस वर्षं ऐकला तो खोकला. तू मला सांगणार कुणाचा होता?"

"पण बू, एका दिवसाने असं काय..." बाक्सोवाली मध्येच म्हणाली.

"तुझा नवरा मेला की तू तुझ्या सोयीच्या वारी कर."

मुजियोंनी हात वर केला. "त्या खोलीत माणूस एकच होता. कासिरान, तू सांग. बांग आधी की जीव आधी?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो नेहमी दारोदार जाई, एकेका माणसाशी हळू बोले आणि 'हो' घेऊन बाहेर पडे. 'हो' मिळवणं हीच त्याची कला होती. आता सगळी ओसरी त्याच्याकडून एकच उत्तर मागत होती, आणि ते दिलं असतं तर उद्यापासून पुन्हा सगळं सुरळीत झालं असतं. मुर्तिनी त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडून काही मिळेल अशी तिला आशाच नव्हती, आणि तेच त्याला लागलं.

"बांग आधी," तो म्हणाला.

"नीट आठव."

"नीटच आठवतंय. बांग संपली. मशिदीचा भोंगा बंद होताना खरखरतो, तसा खरखरला. मग दार्मो म्हणाला, दिवा लाव, अंधार झाला. मी उठून लावला. बटण दाराशी आहे. परत येईपर्यंत संपलं होतं. बुधवार लागला होता. मी मंगळवार धरला, ती माझी चूक. दाखला बघून मोजलं मी."

सगळे एकदम बोलू लागले. बाक्सोवाली उठली. "आता ते गोळे तुझ्या घशात कोंबू का रे? आधी झोपला होतास?" गाड्या लावणाऱ्यांपैकी एकजण त्याच्या पायाजवळ थुंकला. मुजियो शांत राहा, शांत राहा म्हणत राहिले, आणि शनिवारच्या अर्जावर सही करणार नाही, हेही त्यांनी त्या गोंधळात सांगून टाकलं. गिलांगने चप्पल घातली.

"शनिवारी. टेबलावर," एवढंच तो कासिरानला म्हणाला.

मुर्तिनी सगळ्यांत शेवटी उठली. कासिरान ओसरीच्या पायरीपाशी उभा होता. ती त्याच्यासमोर थांबली, आणि एखादा चांगला शब्द येईल असं वेड्यासारखं त्याला वाटून गेलं.

"खरं बोललास," ती म्हणाली. "बोलायलाच हवं होतंस, त्यात उपकार नाहीत. शनिवारी माझ्या दारात येऊ नकोस. सगळ्यांना बोलावणं जाईल, तुला नाही."

शुक्रवारभर तो आपणच लावलेल्या कागदांवर 'रद्द'च्या पट्ट्या चिकटवत फिरला. शनिवारी दुपारी ज्यांना निरोप मिळाला नव्हता ती पोरं आलीच. काळे टीशर्ट घातलेली, ब्लिटारहून, केदिरीहून, एका ट्रकच्या मागे उभी राहून आलेली. दारावरची पट्टी वाचून त्यांनी दारावर लाथा घातल्या आणि कासिरानच्या आईबापाचा उद्धार केला. तो प्रत्येकाला माफ करा म्हणाला. पाचव्या-सहाव्या खेपेनंतर नुसती मान हलवू लागला. पोरं गेली तेव्हा आभाळ तांबूस झालं होतं आणि गल्लीतली पुरुष मंडळी धुतलेली सारोंगं नेसून, डोक्यावर काळी टोपी चढवून मुर्तिनीच्या घराकडे निघाली होती. त्याच्यापुढून जाताना ती एकमेकांशी बोलत होती. गाड्या लावणारे त्यांत होते. बाक्सोवालीचा नवराही होता.

मग्रिब झाल्यावर तो किल्ल्या ठेवायला लुंबुंगमध्ये शिरला. आत कुणी नव्हतं. रंगमंचावरचं सामान परत गेलं होतं, मोठे स्पीकर पांढऱ्या कापडाने झाकले होते. टेबल मागच्या बाजूला, दार्मोच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी होतं. त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला, तो वाजू नये म्हणून मुठीत धरला आणि हळूच टेबलावर टेकवला.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

त्याने वळून पाहिलं. सभागृह रिकामंच होतं. मग कुणीतरी घसा साफ केला, चटई सरकवल्याचा आवाज आला आणि मुजियो म्हणाले, "पुढे सरका, मागे जागा करा." अगदी हाताच्या अंतरावरून बोलल्यासारखं. मग प्रार्थना सुरू झाली. आधी एकाचा आवाज, मग सगळ्यांचा. शब्दन् शब्द कळत होता. म्हातारे कुठे मागे पडत होते, कोण घाईत पुढे पळत होता, तेसुद्धा. स्वयंपाकघरात मुर्तिनी कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाली, "दोन डबे कमी पडतील," आणि तेही त्याला ऐकू आलं.

एक वीट. त्या घराच्या आणि लुंबुंगच्या मध्ये एका विटेची भिंत होती. बावीस वर्षं तो या इमारतीत वावरला होता, पण इथे शांततेत उभं राहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

तो खाली बसला. लादी थंड होती. त्याने मांडी घातली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही तळहात वर धरले. पलीकडून दार्मोचं नाव आलं, बापाच्या नावासकट, आणि त्याच्यासाठी मागणं सुरू झालं. प्रत्येक मागण्यानंतर सगळे एका आवाजात आमीन म्हणत होते. कासिराननेही पहिलं आमीन म्हटलं. नेहमीच्या आवाजात, जसं कुणाच्याही ओसरीवर बसून म्हणाला असता तसं.

पलीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला, भांडं ठेवता ठेवता कुणीतरी थांबलं.

तो दचकला. त्याने तोंड घट्ट मिटलं. प्रार्थना संपेपर्यंत तो तळहात तसेच धरून बसला आणि पुढचे सगळे आमीन त्याने आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हटले.